फुलसिंग, हेडफोन मीच तुझ्या कानांवर ठेवले होते

फुलसिंग,

आपल्या हौशी रेडिओ क्लबच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. तब्येतीचं कारण दिलं, डोळ्यांचं दिलं. "अण्णा, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" असं पलीकडून विचारलं गेलं, तेव्हा फोन ठेवावासा वाटला. तुझ्यावर लिहायचं म्हणजे सिद्धेश्वर धरणावरच्या त्या पहाटेवर लिहिणं आलं, आणि ते बोलायचं मी इतकी वर्षं टाळत आलो की आता टाळणं हाच स्वभाव झाला आहे. तू होतास तोवर वाटायचं, आधी तुला सांगू, मग चारचौघांत. तू गेलास. तुझ्या अंगणात माणसं जमली होती, मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हाही 'गणिताचा हाडाचा शिक्षक' वगैरे बोलून मी खाली बसलो. कमळावहिनी पदर डोळ्याला लावून माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होत्या. त्या नजरेने मला लिहायला बसवलं.

क्लबच्या सकाळच्या गप्पांत, हवेतच, म्हणजे रेडिओवरच, अध्यक्षांनी तू 'सायलेंट की', म्हणजे कायमची गप्प झालेली मोर्सची की, झाल्याचं सांगितलं. आपल्यातला कोणी गेला की जगभर हेच म्हणतात. तुझ्या बाबतीत मला हा शब्द पटत नाही. तू आयुष्यात कधी गप्प बसला नाहीस. एकदाच बसलास, आणि तो एक प्रसंग माझ्या नावावर आहे.

हा अंक घरच्या मंडळींच्याही हातात पडतो, म्हणून आपलं खूळ काय होतं ते थोडं सांगतो. तू सेनगावच्या शाळेत गणित शिकवायचास, मी जवळा बाजारला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. दोघांकडे सरकारी परवाना होता, आणि परवान्याबरोबर मिळालेलं कॉलसाईन, म्हणजे हवेतलं ज्याचं त्याचं नाव. घरच्या सेटवरून आपण जगातल्या अनोळखी माणसांना हाका मारायचो. कधी तोंडाने, पण तुझा जीव मोर्समध्ये, म्हणजे की दाबून वाजवायच्या टिंब-डॅशच्या भाषेत. तुझ्या तांड्यावर दोन लिंबांच्या मध्ये तू तार ताणली होतीस. तुझी याडी, म्हणजे आई, पहिल्या दिवशी त्या तारेखाली उभी राहून म्हणाली होती, "एवढी तार बांधली अन् झोका न्हाई बांधला? लेकरांनी काय बघत बसावं?" वहिनींनी दुसऱ्याच दिवशी त्या तारेवर लुगडं वाळत घातलं. तू शाळेतून आलास, सेट लावलास आणि अर्धा तास बोंबलत होतास की आज युरोप कुठे गेला.

मी मोर्सची परीक्षा जेमतेम पास झालो होतो. कोणी हळू वाजवलं तर समजायचं, वेग वाढला की माझ्या कानात नुसती भाजी फोडणीला पडायची. तू वेगळा होतास. तू वर्गात फळ्यावर गणित मांडताना मागच्या बाकावरच्या पोरांची कुजबुज ऐकायचास, म्हणून ती तुला घाबरायची. तोच कान. आणि तुझा हात! मोर्समध्ये प्रत्येकाचा हात निराळा असतो, अक्षरासारखा, हे मी तुझ्यामुळे मानायला लागलो. शब्दाचा शेवटचा डॅश तू किंचित ओढायचास, तांड्यावर होळीची लेंगी गाणारे शेवटचा सूर ओढतात तसा.

क्लबचं एक मानचिन्ह होतं, सहाही खंडांशी मोर्सवर बोलणाऱ्यासाठी. माझे पाच खंड झाले होते, सगळे दयाळू आणि हळू वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कृपेने. दक्षिण अमेरिका बाकी होती, आणि ती आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पार पलीकडे. तुझे सहाही कधीच झाले होते, पण संपर्काची पावती म्हणून टपालाने आलेली कार्डं तू खोक्यात टाकून ठेवली होतीस. "कागद भिंतीला लावून काय भिंत जास्त टिकून राहिली का अण्णा?" असं म्हणायचास. क्लबचा नियम एकच होता आणि तो तुलाच सगळ्यात लाडका होता: ज्याच्या नावाने संपर्क, त्याचाच हात आणि त्याचाच कान. दुसऱ्याने सांगितलेलं अक्षर लिहून घेतलं तरी तो संपर्क बाद. कोणी बघायला येत नाही, म्हणूनच तो पाळायचा.

तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, आपण अजून परभणी जिल्ह्यात होतो. दिवाळीच्या सुट्टीत आपण सिद्धेश्वरला गेलो, तुझ्या मावसभावाच्या जीपमध्ये बॅटऱ्या टाकून. गावात गिरण्या आणि मोटारींची खरखर असते, धरणाजवळ हवा स्वच्छ असते म्हणून. काठावर बांबू उभे केले. मच्छीमार जाळी ओढायला आले होते, त्यांतला एक म्हणाला, "मास्तर, ह्या तारेला काय गळ लावून राहिला?" तू म्हणालास, "चिलीचा मासा धरायचाय." त्याने गंभीरपणे विचारलं, तो खायला चांगला असतो का.

उजाडता उजाडता माझी पाळी होती, माझं कॉलसाईन. आणि खरंच चिलीचा माणूस आला, विहिरीच्या तळातून बोलावं तसा बारीक. मी हाक दिली. त्याने मलाच उत्तर दिलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर मी ओळखलं आणि पुढे सगळं वाहून गेलं. तो परत वाजवत होता, आवाज खाली चालला होता, सूर्य वर येत होता. मी हेडफोन काढले आणि तुझ्या कानांवर ठेवले. "तू घे," म्हणालो. "जाऊन राहिला तो, तू घे!"

तू बसलास. चार-दोन ओळींत सगळं पूर्ण केलंस. मग हेडफोन गळ्यात घेऊन वळलास आणि म्हणालास, "मस्त माणूस हाय. पण अण्णा, हे तुमच्या खात्यात धरायचं न्हाई हां. ह्याला आपली मजा समजा."

"व्हय, व्हय," मी म्हणालो. मच्छीमारांनी दिलेली मरळ आपण तिथेच भाजून खाल्ली. तसा आनंदाचा दिवस मला पुन्हा फारसा मिळाला नाही, आणि मीच त्याचं काय केलं बघ.

काही महिन्यांनी चिलीहून कार्ड आलं. बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि वर ठळक अक्षरात माझं कॉलसाईन. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ते दाखवलं. सगळा बाजार मला 'चिलीवाले अण्णा' म्हणायला लागला. त्याच सुमारास क्लबची समुद्रातल्या बेटावरची मोहीम ठरली. बेटावर आपल्यासारखे सेटवाले नव्हते, म्हणजे आपण तिथून बोललो की जगभरातून हाकांची गर्दी होणार होती. मोर्सवर बसायला एकच माणूस न्यायचा होता, मानचिन्ह असलेला.

तू त्यासाठी खोक्यातली कार्डं काढलीस. मी तुला चिडवलं, "काहून? भिंतीला लावायची का?" तू हसला नाहीस. म्हणालास, "अण्णा, जल्मभर त्या गर्दीत उभं राहून आपणच ओरडून राहिलो. एकदा तरी दुनियेनं मला धुंडावं. अन् याडीला समुद्र बघितलेलं लेकरू दाखवायचंय."

हे ऐकूनसुद्धा मी मानचिन्हासाठी आणि मोहिमेसाठी माझा अर्ज टाकला, चिलीचं कार्ड जोडून. तुला सांगितलं नाही. का टाकला, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बेट मलाही हवं होतं. 'चिलीवाले अण्णा' मागे राहिले असं बाजारात कोणी म्हणू नये, असंही वाटत होतं.

नांदेडला बैठक झाली. त्या वेळचे अध्यक्ष शिस्तीचे होते, आपण त्यांना नाना म्हणायचो. माझं कार्ड हातात घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या पहाटे मी सेट लावून ऐकत होतो. हाक तुमची होती, पण नंतरचा हात फुलसिंगचा होता. शेवटचा डॅश ओढणारा आपल्यात एकच आहे. मोर्सच्या कीवर कोण होतं?"

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. माझा अर्ज गेला आहे हे तुला तेव्हाच कळलं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'मी दिली त्याला, मला जमेना, आणि कार्ड जोडायला नको होतं.' बस. मानचिन्ह गेलं असतं, थोडं हसू झालं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, "मी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर फुलसिंगने माझ्या नावाने संपर्क करून टाकलेला. मला वाटलं, माझी हाक होती म्हणजे चालत असेल."

न विचारता दुसऱ्याच्या नावाने बोलणं! आपल्यात याहून मोठा कलंक नाही, आणि तो मी नियम पाळणाऱ्या माणसाला लावला. मागून कोणीतरी, कोण ते मला माहीत आहे, हळूच म्हणालं, "तांड्यावरच्या माणसाला नियम कुठून कळणार." क्लबची नियमावली तुला पाठ होती. मी मान वर केली नाही.

नानांनी विचारलं, "फुलसिंग, खरं आहे का?"

तू उठून उभा राहिलास. कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलंस, असं मला वाटतं. कदाचित क्षणभरच असेल. मग म्हणालास, "व्हय. बराबर हाय."

काहून, फुलसिंग? काहून व्हय म्हणालास? भांडला असतास, खोटारडा म्हणाला असतास, तर मी तिथेच कोसळलो असतो, आणि ते बरं झालं असतं. नानांचा तुझ्या बोलण्यावर विश्वास बसला असता. मी यावर खूप विचार केला. कधी वाटतं, माझी पत नको जायला म्हणून. कधी वाटतं, मागून आलेलं ते वाक्य तू ऐकलंस आणि या लोकांपुढे कशाचाही खुलासा करायची तुझी इच्छाच मेली. कधी वाटतं, ती मला दिलेली शिक्षा होती. तू गेलास, आता कोणतं खरं ते कळणार नाही.

माझा संपर्क बाद झाला, मानचिन्ह मिळालं नाही. तुझ्यावर मोहिमांची बंदी आली. बेटावर जायला मोर्स येणारा दुसरा कोणी मोकळा नव्हता, म्हणून नियमाला मुरड घालून मलाच नेलं. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी जवळा बाजारला उतरेपर्यंत तू ड्रायव्हरजवळ उभा राहिलास.

त्यानंतर तू हवेत दिसेनासा झालास. रोज सकाळी मी आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावायचो, नुसती सळसळ. मी तांड्यावर आलो नाही. येऊ शकलो असतो, सायकलवर येण्याजोगं नसलं तरी जीप होत्या.

बेटावर पहिल्याच दुपारी मला माझी लायकी कळली. मी एकदा हाक दिली आणि अख्खं जग अंगावर आलं. जपान, रशिया, युरोप, सगळे एकाच वेळी, भरधाव. मला एकही नाव सुटं ऐकू येईना. तंबूतला दुसरा गडी म्हणाला, "अण्णा, लोक थांबलेत, उत्तर द्या ना!" मी घाम पुसत होतो. सेट बंद पडला असं सांगायचं मी मनात ठरवलंही होतं.

तेवढ्यात त्या गोंधळाखालून एक हात आला. हळू, अगदी परीक्षेत वाजवतात तितका हळू. तुझं कॉलसाईन. शेवटचा डॅश ओढलेला. समोरचा जितका झेपेल तितक्याच वेगाने वाजवायचं ही आपल्यातली रीत, पण तू तुझ्या शिकाऊ दिवसांतसुद्धा इतकं हळू वाजवलं नसशील. मी तुला उत्तर दिलं. तू माझा आवाज कसा येतो याचा रिपोर्ट दिलास आणि शेवटी अक्षरं सोडून सोडून वाजवलंस: 'हळू घ्या अण्णा. तुमी हळू वाजवा, ते थांबतील.' मी तसंच केलं. माझा वेग पाहून जपानचा एक जण हळू झाला, मग दुसरा. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी तग धरला. लोकांनी परत आल्यावर माझा सत्कार केला.

तू ज्या खुर्चीवर बसायचा होतास, त्या खुर्चीवर मी बसलो होतो, आणि तू दोन लिंबांखाली बसून मला सांभाळत होतास.

परत आलो तर तू दुकानात हजर. जणू काही घडलंच नव्हतं. "काय अण्णा, लई जड हात चालत होता तुमचा. लोकांना वाटलं बेटावर म्हैस बसवली की काय!" मी हसलो. ज्या क्षणी बोलायला हवं होतं त्या क्षणी हसलो. याडीसाठी शंख आणला होता, तो द्यायला तुझ्याबरोबर तांड्यावर आलो. तिने शंख उलटासुलटा पाहिला आणि मला विचारलं, "समुद्राला तर माझा फुलसिंग जाणार होता ना? तो काहून न्हाई आला?"

तू बाहेर बकरीला पाला टाकत होतास. मी म्हणालो, "शाळेनं रजा दिली नाही, याडी."

"जळो ती शाळा," ती म्हणाली.

यानंतर आपली मैत्री पहिल्यापेक्षा घट्ट झाली असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मोर्सची परीक्षा ठेवावी की काढावी यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचो काढा, नवी पोरं येतील. तू म्हणायचास, "मग उद्या पाढे बी काढा." हे भांडण अर्धवटच राहिलं, आणि आता मला तुझी बाजू पटायला लागली आहे, तर सांगायला तू नाहीस. माझी बायको गेली त्या वर्षी तू रोज सकाळी हवेत यायचास, काही काम नसताना. "अण्णा, चहा झाला का?" मी झाला म्हणायचो. "कोरा की दुधाचा?" दूध तापवायचा मला कंटाळा, हे तुला माहीत होतं. "दुधाचा" असं उत्तर येईपर्यंत तू पिच्छा सोडायचा नाहीस. त्या वर्षी मी त्या प्रश्नाच्या आधाराने उठत होतो.

क्लबने नंतर तुझी बंदी उठवली. पुढच्या मोहिमांना मी तुझं नाव सुचवायचो, मोठ्या मनाचा आव आणून. तू एकदाही अर्ज केला नाहीस. एकदा सेनगावहून येताना, जीपमध्ये आपण मागे बसलो होतो, तू एकाएकी म्हणालास, "अण्णा, एक इचारू? त्या दिशी नांदेडला तुमी..." आणि थांबलास. बाहेर तुरीच्या शेतांकडे पाहिलंस. "जाऊ द्या," म्हणालास. मी काय ते विचारलं नाही. मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही.

तू आजारी पडलास, नांदेडच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं. मी फोनवर वहिनींना सांगितलं की मला फुलसिंगशी थोडं बोलायचंय, एकट्याशी. आलो. तू बाजेवर उशीला टेकून बसला होतास, फार वाळला होतास, पण डोळे तेच. वहिनी मुद्दाम आत गेल्या. तू म्हणालास, "बोला अण्णा. काहीतरी बोलायचं म्हणत होते म्हणे."

मी तुझ्याशी भारनियमनावर बोललो. लाइट गेली की हवा किती स्वच्छ लागते, परवा आफ्रिका कशी स्पष्ट ऐकू आली, हे सांगत बसलो. तू ऐकलंस. मध्ये एकदा म्हणालास, "बस, एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच." तू डोळे मिटलेस. मी शेवटची जीप निघून जाईल म्हणून उठलो.

नाना आता नाहीत. त्या बैठकीतले बाकीचे आहेत, हा अंक वाचतील. त्यांच्यासाठी लिहितो: फुलसिंग आडे याने कधीही कोणाच्या नावाने न विचारता मोर्सची की धरली नाही. त्याचा कलंक माझा आहे, तो माझ्या नावावर नोंदवा. माझं जे करायचं ते क्लबने करावं.

तुझ्यासाठी मात्र वेगळं आहे. त्या दिवशी तुझ्या बाजेजवळ बसून मला जे बोलायचं होतं, ते तुझ्याच बोलीत मी जीपमध्ये पाठ करत आलो होतो:

फुलसिंग, मी चहा आणायला गेलो न्हवतो. तुझ्या बाजूलाच बसलेलो होतो. नांदेडला मी खोटं बोललो, तुला समोर उभं करून खोटं बोललो, अन् बेटावर तुझ्या जागी बसलो. माझं लई चुकलं, लेका. मला माफ कर.